घरची बिअर, दुकानची बिअर आणि आबांचं केळं

सावदेकर:
राम राम मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, विषय जरा ओला आहे, ज्यांना चालत नाही त्यांनी भरिताचा भाग वाचावा आणि पुढं जावं.

मी मूळचा जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याचा, सध्या मुक्काम इंग्लंडात लीड्सला. तिथं स्वतःपुरती बिअर घरी करायला १९६३ पासून परवाना लागत नाही, फक्त ती विकायची नाही. त्यामुळं वीस लिटरचा प्लास्टिकचा डबा, एक हायड्रोमीटर (द्रवातली साखर बघायची काचेची नळी) आणि बायकोची नाराजी एवढ्या भांडवलावर माझा उद्योग तीन वर्षं चाललाय. डिसेंबरात घरी यायचं ठरलं तेव्हा म्हणलं यंदा आपली बिअर घरच्यांना पाजायचीच, आणि नुसती पाजायची नाही, दुकानातल्या बिअरशेजारी ठेवून पाजायची. कस्टमची सूट माणशी दोन लिटर, ३३० मिलीच्या सहा बाटल्या म्हणजे १९८० मिली, हिशोब बरोब्बर बसतो. तीन गव्हाच्या, तीन पेल एलच्या (ही जरा कडू बिअर). जुन्या टॉवेलात गुंडाळून बॅगेत घातल्या आणि मुंबईपर्यंत देवाचं नाव घेत आलो.

कार्यक्रम मळ्यात, भरिताच्या पार्टीला जोडून. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजणं चालू, बडगीत (लाकडी उखळीत) हिरवी मिरची-लसूण कुटणं चालू, आणि मी कोपऱ्यात बाटल्या मांडून बसलो. पिणारे आठ जण, आबा (माझे मोठे काका, चाळीस वर्षं केळीत गेली), बाबा, दोन चुलतभाऊ, दाजी, शाळेतले दोन मित्र आणि मी. दुकानातून तीन आणल्या होत्या, एक साधी लागर (आपली नेहमीची हलकी बिअर), एक स्ट्राँग आणि एक गव्हाची. ब्रँड सांगणार नाही, का ते पुढं कळेल.

आता डोळे उघडे ठेवून बिअरची तुलना करण्यात अर्थ नसतो, लेबल बघितलं की जीभ लेबलाचंच ऐकते. म्हणून काकूला कामाला लावलं. काकू पीत नाही, पण अंपायर म्हणून कडक. तिनं खोलीत पाच तांबे मांडले, प्रत्येकाच्या बुडाला वेगळ्या रंगाची टिकली चिकटवली, बाटल्या आतच ओतल्या आणि एकेक तांब्या बाहेर आणला. प्यायला स्टीलचे ग्लास, म्हणजे गढूळ कोणती न् चकचकीत कोणती तेही दिसू नये. तांब्यात ओतल्यानं थोडा गॅस जातो, मान्य, पण सगळ्यांचा सारखाच गेला.

पहिलीच बाटली काकूनं उघडली आणि आतून फवारणी पंपासारखा आवाज आला. गव्हाची होती. अर्धी छताला, पाव काकूच्या पदराला, उरलेली तांब्यात. बाटलीत भरताना मी लिटरला सात ग्रॅम साखर घालतो, आतलं यीस्ट ती खातं आणि गॅस बनतो, म्हणजे बाटलीतला माल जिवंत असतो, त्याला विमानानं हलवा, गाडीनं हलवा, वरून नीट थंड करू नका, तो उसळणारच. चूक माझी, दिवसभर फ्रीजमधे उभी ठेवायला हवी होती. म्हणून मग दुसरी गव्हाचीही फोडावी लागली.

तर लाल टिकली आली. आबांनी ग्लास नाकापाशी नेला, थांबले, परत नेला. म्हणाले, "काय रे भो, याच्यात केयं टाकलं का तू?"

मी उडालोच. कारण केळं टाकलेलं नव्हतं पण वास केळ्याचाच असतो. गव्हाच्या बिअरचं जे जर्मन पद्धतीचं यीस्ट आहे ते आंबताना आयसोअमाइल अॅसिटेट नावाचं द्रव्य तयार करतं, पिकल्या केळ्यातही मुख्य वास त्याचाच. माझा डबा २२ अंशाला होता म्हणून केळं जास्त, त्याच यीस्टला जरा थंड ठेवलं की केळं मागं पडतं आणि लवंग वर येते. हे मला पुस्तकातून कळलं आणि आबांना नाकातून. आणि ते तिथं थांबले नाहीत, म्हणे हे झाडावरचं नाही, वखारीत पिकवलेल्या केयाचा वास आहे, तिसऱ्या दिवशीचा. आता तिसऱ्या दिवशीचा का चौथ्या हे तपासायची माझी लायकी नाही.

काकूनं नुसता वास घेतला आणि म्हणाली मला केळं नाही येत, मला कुरडयांसाठी तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा वास येतोय. हेही खरंय हो, निम्मा गहू आहे त्यात. मोड आणून वाळवलेला गहू न् जव, गरम पाण्यात ६५-६६ अंशाला तासभर ठेवायचे म्हणजे पिठाची साखर होते, तेव्हा लीड्समधल्या माझ्या स्वयंपाकघरात जो वास सुटतो तो बिबड्यांच्या (ज्वारीच्या पापडांच्या) घाट्याचाच वास, मला दर वेळी उन्हाळ्याची सुट्टी आठवते.

हिरव्या टिकलीला दाजी म्हणाले यात धणे आहेत. ती दुकानातली गव्हाची. बेल्जियन धाटणीच्या गव्हाच्या बिअरमधे धणे आणि संत्र्याची साल घालतात, हे पूर्वापार आहे. खानदेशी माणसाला धण्याचा वास लपवता येत नाही.

निळी टिकली. मी स्वतः जाहीर केलं की ही दुकानातली आहे, लोण्यासारखा वास येतोय, कारखान्यात घाई केलेली दिसते. लहान चुलतभाऊ म्हणाला थेटरातल्या पॉपकॉर्नसारखा येतोय. तांब्या उलटा केला तर ती माझी पेल एल!! तो लोण्याचा वास म्हणजे डायअॅसिटाइल. यीस्टच ते तयार करतं आणि वेळ दिला तर यीस्टच ते परत गिळतं, मी दोन दिवस आधी थंड करून बाटल्या भरल्या कारण विमान गाठायचं होतं. म्हणजे कारखान्याच्या नावानं शिमगा केला तो माझ्याच दारात.

पांढरी टिकली स्ट्राँग. गोडसर, घशाला गरम. आपल्याकडच्या स्ट्राँगमधे ८ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असतं, माझी गव्हाची ५ (हायड्रोमीटरचा आकडा १.०५० वरून १.०१२ वर आला, जाणकारांसाठी). पण या बाटलीत अजून एक चव होती, भिजलेल्या पुठ्ठ्याची. बाटलीवरची तारीख नंतर पाहिली, पाच महिने झालेले, आणि त्यातला किती काळ ती कुठल्या पत्र्याच्या गोडाउनात तापत पडली होती देव जाणे. ऑक्सिजन आणि उष्णता मिळून ही चव आणतात. म्हणूनच ब्रँड सांगत नाही, कारखान्यातून निघताना ती ठीकच असणार.

आणि पिवळी, दुकानातली साधी लागर. कोणी काही बोललं नाही, सगळ्यांनी नुसती प्यायली.

मग भरीत आलं, कळण्याच्या पुऱ्या आल्या, कांद्याची पात आली आणि मतदान झालं. पिवळी ४, लाल २ (आबा आणि थोरला चुलतभाऊ), हिरवी १ (बाबा), पांढरी १ (दाजी, त्यांना पुठ्ठा लागला नाही म्हणे). निळीला शून्य. पिवळीच्या चारातलं एक मत माझं. तीन वर्षांचा उद्योग, सहा बाटल्या सात हजार किलोमीटर आणल्या, आणि भरिताबरोबर मी मत दिलं कोपऱ्यावरच्या दुकानातल्या लागरला.

बोला आता.

तापीपुत्र:
😂😂 काकूंना साष्टांग. मला सांगा, दाजी मंडळींना स्ट्राँगच का लागते? आमच्याकडं भुसावळला कुणाला माइल्ड देऊ केली तर तो अपमान समजतो.

सावदेकर:
दाजींचं सरळ गणित, बाटली एकच ६५० मिलीची, पैसेही उन्नीस-बीस, मग त्यात जास्त काय मिळतं ते बघायचं. ते चव घ्यायला बसलेलेच नव्हते, मी उगाच त्यांना परीक्षक केलं.

वरणबट्टी:
लेख झकास पण तुलना चुकीची आहे भाऊ, राग मानू नका. लागर म्हणजे लागर आणि गव्हाची म्हणजे गव्हाची, दादर ज्वारीच्या भाकरीची न् पुरणपोळीची स्पर्धा लावल्यासारखं झालं हे. तुमची गव्हाची विरुद्ध दुकानची गव्हाची एवढीच जोडी खरी, आणि त्यातही एक जर्मन वळणाची एक बेल्जियन वळणाची. दुसरं म्हणजे तुमची महिन्या दीड महिन्याची ताजी, दुकानची पाच महिन्याची, ताज्या वांग्याची शिळ्याशी तुलना करायची न् मग घरचं ते घरचं म्हणायचं, हे घरी करणारे सगळेच करतात.

सावदेकर:
मान्य. पण घरचं जिंकलं असं मी कुठं म्हणलं, माझी तर एक साफ पडली. तुमचा ताजेपणाचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. मला उलट त्या लागरचंच जास्त कौतुक वाटायला लागलंय. तिच्यात लपायला जागा नसते, गव्हाच्या बिअरमधे केळं-लवंगेच्या आड बारीकसारीक चुका खपून जातात, लागरमधे जरा इकडं तिकडं झालं की लगेच लागतं. वर ती आंबवायची १० अंशाच्या आसपास, नंतर कित्येक आठवडे शून्याजवळ ठेवायची, एवढं करून दर बाटलीला तीच चव. मला माझ्या दोन डब्यांना सारखी चव आणता येत नाही.

हातोडा:
गोड गोड नावं देऊन काय होतं, घरी केलेली दारू म्हणजे हातभट्टीच ना? उद्या कोणी हा धागा वाचून माळ्यावर डबा लावला आणि कोणाचे डोळे गेले तर जबाबदार कोण?

सावदेकर:
प्रश्न बरोबर आहे, म्हणून नीट उत्तर देतो. हातभट्टीत आंबवलेलं उकळून त्याची वाफ धरतात, म्हणजे ऊर्ध्वपातन. डोळे जातात ते मिथेनॉलनं, आणि विषारी दारूच्या बहुतेक घटनांत ते बाहेरून मिसळलेलं असतं. बिअरमधे वाफ धरायचा प्रकारच नाही, जव-गव्हापासून मिथेनॉल नावापुरतंच होतं. बिघडली तर आंबट होते, फेकून द्यायची. बाकी कायद्याचं खाली कोणी तरी सांगेलच.

पाच_रुपये:
मी सांगतो. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे, परवान्याशिवाय दारू गाळणं काय आणि बिअर आंबवणं काय, दोन्ही गुन्हा, घरच्यापुरती केली ही सबब चालत नाही. त्यामुळे कृती विचारणारे प्रतिसाद इथं नकोत. आणि रच्याकने (बाय द वे), नुसतं प्यायलाही परवाना लागतो, एक दिवसाचा पाच रुपयात मिळतो (देशीचा दोन रुपये), बिअरला वय २१, कडक दारूला २५. मळ्यातल्या आठ जणांनी काढला होता का? 🙂

सावदेकर:
सात जणांचे पस्तीस रुपये दुकानदारानं बिलातच धरले, पावत्या आहेत. आबांचा तर आयुष्यभराचा परवाना आहे, फ्रेम करून लावलाय.

रातराणी_एसटी:
जळगाव-पुणे अप-डाऊन करणाऱ्याचे दोन पैसे. आपल्याकडं ताजी प्यायची असेल तर कायदेशीर रस्ता म्हणजे मायक्रोब्रुअरी (जागेवरच बिअर करून देणारं ठिकाण), पुण्यात २००९ मधे डूलाली सुरू झाली तेव्हापासून हे प्रकरण आपल्याला माहीत झालं. माझी पहिली गव्हाची तिथलीच, आणि मी वेटरला बोलावून सांगितलं होतं की गढूळ आहे, बदलून द्या. त्यानं बिचाऱ्यानं शांतपणे समजावलं, गाळलेली नाही, यीस्ट आहे.

एक विचारायचंय, तुम्ही किती थंड दिली? इकडं बर्फ झाल्याशिवाय कोणी हात लावत नाही.

सावदेकर:
हाच तर वाद झाला. मी म्हणलं फ्रीजमधून काढून दहा मिनिटं बाहेर ठेवू, ८-१० अंशावर आली की वास उघडतो. दाजी म्हणे मग चहाच पितो. फार थंड केली की वास बसतो आणि जिभेलाही काही कळत नाही, म्हणून जी चांगली नाही ती बर्फासारखी प्यायची आणि जी चांगली आहे तिला थोडा वेळ द्यायचा. पण हे डिसेंबरात बोलायला ठीक आहे. मे महिन्यात जळगावला ४५ अंश असताना हेच कोणाला ऐकवलं तर मार खाईन.

वरणबट्टी:
फेसाबद्दल काही लिहिलं नाही? आमच्याकडं शेवभाजीबरोबर घेतो तर दोन मिनिटात फेस गायब, बिअर शिळी असते का?

सावदेकर:
बिअरचा दोष नाही, तर्रीचा आहे. तेल फेसाचं वैरी, ओठाला लागलेली तर्री ग्लासला लागते आणि फेस बसतो. भांडी घासताना राहिलेला साबण किंवा तुपाचा ओशटपणा पण तेच करतो. आणि एक गैरसमज, तिखट लागलं की लोक बिअर ढोसतात, तिनं तिखट विझत नाही, मिरचीचं जे तिखट आहे ते पाण्यात विरघळत नाही आणि ५ टक्के अल्कोहोलनं त्याला काही फरक पडत नाही, वर गॅसनं आणखी चुरचुरतं. ताक प्या. भरिताबरोबर ती साधी लागर का जिंकली त्याचं कारण मला हेच वाटतं, हिरव्या मिरचीवर माझी कडू पेल एल म्हणजे आगीत काडी, लागर बिचारी कडू कमी, मधे मधे तोंड धुऊन देत होती. भरीत नसतं तर निकाल वेगळा लागला असता, असं मी स्वतःची समजूत घालतो.

सातपुड्याची:
छान धागा. मी नंदुरबारची. आमच्या भागात मोहाची असते हे सगळ्यांना माहीत आहे पण ती बिअर नव्हे, वाळलेली फुलं भिजवून आंबवतात आणि मग गाळतात म्हणजे वाफ धरतात. मला इथं लिहावंसं वाटलं ते वासाबद्दल. फुलं भिजत घातली की दुसऱ्या तिसऱ्या दिवशी माठातून जो वास येतो, गोड, आंबट, थोडा मनुकांसारखा, तो आमच्या शेजारच्या आजी नुसता हुंगून सांगायच्या अजून एक दिवस पाहिजे की झालं. मीटर नाही काही नाही. कान लावून ऐकायच्यासुद्धा, बुडबुड थांबली की तयार. तुमच्या काकू आणि आबांचं वाचून त्या आजी आठवल्या. तुम्ही हायड्रोमीटरनं काय बघता नेमकं?

सावदेकर:
ताई, आजी जे कानानं ऐकतात तेच. काचेची नळी असते, द्रवात साखर जास्त असली की ती वर तरंगते, यीस्टनं साखर खाल्ली की खाली जाते. दोन तीन दिवस एकाच आकड्यावर थांबली म्हणजे बुडबुड थांबली. फरक एवढाच की मला आकडा बघूनही धीर धरवला नाही, आकडा थांबला तरी लोण्याचा वास जायला अजून दोन दिवस लागतात हे नळी सांगत नाही, ते नाकच सांगतं. आजींनी मला बाटल्या भरू दिल्या नसत्या.

तापीपुत्र:
एक राहिलंच. हिरव्या बाटलीतल्या बिअरला कधी कधी विचित्र जळकट वास येतो, गांजासारखा म्हणा, तो काय प्रकार?

सावदेकर:
उजेड लागला. कडवटपणा हॉप्समधून (एका वेलीच्या फुलांमधून) येतो, त्यावर उजेड पडला की गंधकाचं एक द्रव्य तयार होतं, नाकाला अतिशय थोडंसं पुरतं. तपकिरी काच तो उजेड अडवते, हिरवी फारसा नाही, पांढरी तर अजिबात नाही. ऊनच पाहिजे असं नाही, दुकानातल्या शोकेसच्या ट्यूबलाइटखाली राहिली तरी होतं. खोक्यातली बाटली मागायची, समोर मांडलेली नाही. कॅनला हा त्रास नाही.

बाकी हिशोबासाठी, उरलेल्या तीन बाटल्यांपैकी गव्हाची आबांनी ठेवून घेतली, केळीच्या व्यापाऱ्याला दाखवायची म्हणे. लोण्याच्या दोन पेल एल होत्या, एक मुद्दाम पत्र्याच्या माळ्यावर ठेवलीय, एक फ्रीजमधे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) उघडून चुलतभाऊ इथं लिहील, त्याला आयडी काढून दिलाय. मी परवा निघतो.

धाकटा_चुलत:
(चार महिन्यांनी धागा वर काढतोय)
नमस्कार मंडळी, मी पॉपकॉर्नवाला. आखाजीच्या आदल्या रात्री दोन्ही बाटल्या उघडल्या, काकूनं परत टिकल्या लावल्या, यावेळी आम्ही आबा धरून सहा जणच.

माळ्यावरची उघडायला सगळे घाबरत होतो, बादलीत उलटी टोपली घालून उघडली, फुसकन आवाज झाला बस. रंग गडद झालेला. आता गंमत ऐका, फ्रीजमधल्या बाटलीत पॉपकॉर्न जसंच्या तसं, आणि माळ्यावरच्या बाटलीत लोणी नाहीच! काकूला पण नाही आलं. तिच्यात मधासारखा वास आणि मागून पुठ्ठा, हॉप्सचा तो लिंबाच्या सालीसारखा वास होता तो पार गेलेला. दादाला व्हिडिओ कॉल केला, तो डोकं धरून बसला, म्हणे उबेत यीस्ट जागं राहिलं असणार म्हणून त्यानं लोणी गिळून टाकलं, फ्रीजमधलं झोपलं. जानेवारीतच माळ्यावरून काढून फ्रीजमधे टाकली असती तर दोन्ही साधलं असतं.

मतदान माळा ३, फ्रीज २. आबांनी मत दिलं नाही. ते म्हणतात याच्यात केयं कुठं आहे, गव्हाची आणा.